वाशीमच्या माथ्यावरचे तीन तारे

दिवाळीच्या आसपासची अंधारी रात्र. सोयाबीन काढून झालेलं असतं, तूर शिवारात उभी असते, हरभऱ्याच्या पेरणीची लगबग चाललेली असते. अशा वेळी रात्री साडेआठ-नऊला वाशीमच्या बाहेर, दिव्यांपासून दूर, एखाद्या बांधावर उताणं पडून सरळ वर पाहिलं की चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन दिसतो. पंचांग पाहणाऱ्या घरांत त्याची नावं नवी नाहीत. चौकोनाची पश्चिमेकडची बाजू म्हणजे पूर्वाभाद्रपदा, पूर्वेकडची उत्तराभाद्रपदा. पूर्वाभाद्रपदेचे दोन तारे त्या वेळी माथ्याच्या दोन अंगांना असतात, एक जरा उत्तरेला, एक जरा दक्षिणेला. त्यांना जोडणारी रेघ मनात ओढली, तर तिच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला, एक अगदी फिकट तारा आहे. हवा स्वच्छ असेल आणि नजर अंधाराला सरावली असेल तर तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. त्याचं नाव ५१ पेगासी. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा, सूर्यमालेबाहेरचा पहिला ग्रह १९९५ साली सापडला तो याच्याभोवती.

वाशीमचा अक्षांश २० अंश ६ कला. या ताऱ्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून त्याचं उत्तरेकडचं अंतर, २० अंश ४६ कला. म्हणून वाशीमवरून जाताना तो खमध्यापासून पाऊण अंशाच्याही आत असतो. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी अर्धा अंश असते, यावरून अंदाज यावा. हे जुळतंय म्हटल्यावर मी बाह्यग्रहांच्या, म्हणजे सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांच्या, इतिहासातले इतर गाजलेले तारेही वाशीमच्या अक्षांशाशी ताडून पाहिले आणि थक्क झालो. एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून ग्रह सरकताना माणसानं पहिल्यांदा पाहिला. त्याची क्रांती १८ अंश ५३ कला. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीच्या अख्ख्या ग्रहमालेचं पहिलं छायाचित्र निघालं. त्याची क्रांती २१ अंश ८ कला. दोन्ही ५१ पेगासीच्याच महाश्व तारकासमूहात, दोन्ही वाशीमच्या माथ्यापासून सव्वा अंशाच्या आत. ग्रह शोधण्याच्या तीन मोठ्या पद्धतींचे तीन मानाचे तारे सुमारे तासाभरात एकामागून एक वाशीमच्या डोक्यावरून जातात. हा योगायोग आहे, पण या विषयाचा आढावा घ्यायला याहून सोयीची जागा मला सापडली नसती.

आणि आकाशाच्या हिशेबात वाशीमचं नाव नवं नाही. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, वत्सगुल्म. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करानं ‘महाभास्करीय’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत. अवंती, म्हणजे उज्जैन, आणि स्थानेश्वर यांच्याबरोबर त्यात वत्सगुल्मही येतं. वाशीमचं मध्यमेश्वराचं देऊळ त्याच रेषेवर उभारलं, असं गावात परंपरेनं सांगतात. आजच्या मोजणीत उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला आणि वाशीमचा ७७ अंश ८ कला येतो, म्हणजे वाशीम रेषेच्या सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला पडतं. पण हीच चूक वेळेत मांडली तर साडेपाच मिनिटांची होते. एक घटिका २४ मिनिटांची. पाण्याच्या घटिकापात्रावर वेळ मोजणाऱ्यांनी पाव घटिकेच्या आत गाव बसवलं होतं. त्यांची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे: मध्यरेषेसाठी गणितानं काढलेली ग्रहणाची वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतल्या फरकावरून देशांतर, म्हणजे मध्यरेषेपासूनचं पूर्व-पश्चिम अंतर, काढायचं. प्रकाश कधी कमी झाला याची वेळ नोंदवायची आणि तिच्यावरून जे दिसत नाही ते काढायचं. आजचे ग्रहशोधकही मुळात हेच करतात.

कारण ग्रह दिसत नाही, हीच या कामातली सगळ्यात मोठी अडचण आहे. दूर कुठून तरी आपल्या सूर्याकडे पाहिलं तर दृश्य प्रकाशात गुरू सूर्याहून अब्जपटीनं कमी उजळ दिसेल आणि पृथ्वी त्याहूनही कमी. शिवाय दोघं एकमेकांना इतके चिकटून दिसतील की ताऱ्याच्या झगमगाटात ग्रह बुडूनच जाईल. म्हणून साक्ष ताऱ्याची काढायची. तारा डुलतो का, मंदावतो का, त्याच्या प्रकाशात काही मिसळलंय का, हे पाहायचं. आणि साक्ष म्हटली की ती खोटीही निघू शकते. या क्षेत्राचा खरा इतिहास साक्षी तपासण्याचा आहे, असं माझं मत आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्राशी जोडलेली आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

विल्यम स्टीफन जेकब हा मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर दलातला अधिकारी. १८४२ साली त्यानं पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली आणि जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुण्यातल्या वेधांवरून त्यानं २४४ जोडताऱ्यांची यादी केली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. तिथून १८५५ मध्ये त्यानं जाहीर केलं की भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० ऑफियुकाय या जोडताऱ्याची कक्षा गणितात नीट बसत नाही आणि तिथे ग्रहासारखं एखादं तिसरं पिंड असण्याची बरीच शक्यता आहे. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा, निरीक्षणांवर आधारलेला हा पहिला दावा मानला जातो. १८९६ मध्ये अमेरिकेत थॉमस सी यानं त्याच ताऱ्याबद्दल तसाच दावा पुन्हा केला आणि १८९९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मोल्टननं गणितानं दाखवून दिलं की अशी व्यवस्था टिकूच शकत नाही. ग्रह नव्हता. जेकब ते ऐकायला नव्हता. पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा उभारण्यासाठी नऊ इंची भिंगाची दुर्बीण घेऊन तो ८ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईला उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारला. वय ४८. त्या वेधशाळेचं स्वप्न तिथेच थांबलं.

गुरुत्वाकर्षणाच्या धाग्यावरून न दिसणारं पिंड गाठण्याची ओढ त्या शतकात सगळ्यांनाच होती, कारण १८४६ मध्ये नेपच्यून असाच सापडला होता. आपल्या वेंकटेश बापूजी केतकरांनीही हा प्रयत्न केला. शाळामास्तरकी करत ‘ज्योतिर्गणितम्’सारखा ग्रंथ लिहिणाऱ्या या गणितज्ञानं १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. १९३० मध्ये प्लूटो सापडला तेव्हा त्याचं सूर्यापासूनचं अंतर केतकरांच्या ब्रह्माशी चांगलं जुळलं. प्लूटोचं वस्तुमान मात्र इतकं किरकोळ निघालं की त्याच्या ओढीवरून कुणाला काही भाकीत करता येणं शक्यच नव्हतं. जुळलेला आकडा पुरावा नसतो. तरीही विजापूर-बागलकोटकडे राहून एकट्यानं असा हिशेब मांडणाऱ्या माणसाविषयी मला अतोनात आदर वाटतो.

विसाव्या शतकातली सगळ्यात करुण गोष्ट बर्नार्डच्या ताऱ्याची. तोही भुजंगधारीतच, जेकबच्या ताऱ्यापासून जेमतेम तीन अंशांवर. खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हॅन डी कॅम्प १९३८ पासून या ताऱ्याच्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या जमवत होते. ताऱ्याची आकाशातली जागा किंचित डुलते, म्हणून त्याला ग्रह आहे, असं त्यांनी १९६३ मध्ये जाहीर केलं. दहा वर्षांनी इतरांनी वेगळ्या दुर्बिणींवर तपासलं तेव्हा डुलणं सापडलं नाही. व्हॅन डी कॅम्प यांच्या दुर्बिणीच्या भिंगाच्या बैठकीत १९४९ च्या सुमारास बदल केले होते, आणि ‘डुललेले’ सगळे तारे त्याच वेळी डुलले होते. त्यांनी ही चूक कधीच मान्य केली नाही. १९९५ च्या मे महिन्यात ते गेले, म्हणजे ५१ पेगासीचा ग्रह सापडण्याच्या काही महिने आधी. आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, अगदी वेगळ्या पद्धतीनं, बर्नार्डच्या ताऱ्याभोवती खरोखरच एक छोटा ग्रह सापडला. पुढच्या वर्षी त्यांची संख्या चार झाली. व्हॅन डी कॅम्प यांनी सांगितलेले गुरूएवढे ग्रह हे नव्हेत. पृथ्वीहूनही हलके ग्रह आहेत, काही दिवसांत एक फेरी मारणारे.

चूक कशी कबूल करावी याचा वस्तुपाठ मात्र अँड्र्यू लाइन यांनी घालून दिला. १९९१ मध्ये त्यांच्या गटानं एका स्पंदक ताऱ्याभोवती (पल्सरभोवती) ग्रह सापडल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की पृथ्वीच्या स्वतःच्या कक्षेची दुरुस्ती हिशेबात नीट झालेली नाही. आपल्याच भ्रमणाची सावली त्यांना तिकडे दिसली होती. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकन खगोल परिषदेसमोर उभं राहून त्यांनी हे स्पष्ट सांगितलं आणि सभागृहानं टाळ्यांनी त्यांचा मान राखला. त्याच सभेत अलेक्झांडर वोल्श्चान यांनी दुसऱ्या एका स्पंदकाभोवतीचे दोन ग्रह मांडले. ते ग्रह खरे निघाले, आजही टिकून आहेत. मेलेल्या ताऱ्याभोवतीचे हे ग्रह माणसानं पक्के ओळखलेले पहिले बाह्यग्रह.

इथे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचं नाव येतं. श्रीनिवास कुलकर्णी तिथे जन्मले, हुबळीकडे वाढले. बर्कलीत संशोधक विद्यार्थी असताना १९८२ मध्ये डॉन बॅकर यांच्यासोबत त्यांनी सेकंदाला ६४२ फेऱ्या घेणारा स्पंदक शोधला. मिलिसेकंदाच्या मापानं फिरणारा हा पहिला स्पंदक. असे तारे घड्याळापेक्षा नेमके ठोके देतात, आणि वोल्श्चान यांनी ग्रह शोधले ते अशाच ताऱ्याच्या ठोक्यांतल्या बारीक पुढेमागे होण्यावरून. कुलकर्णींची दुसरी गाठ याहून विलक्षण आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सच्या परिषदेत मिशेल मेयर आणि डिडिए क्वेलोझ यांनी ५१ पेगासीचा ग्रह जाहीर केला. त्याच परिषदेत कुलकर्णी, नाकाजिमा आणि ओपेनहायमर यांच्या गटानं ग्लीझ २२९ बी मांडला. ताऱ्याइतका मोठा नाही, ग्रहाइतका लहान नाही, वर्णपटात गुरूसारखा मिथेन, असा पहिला निःसंशय थंड तपकिरी बटू. तारा कुठे संपतो आणि ग्रह कुठे सुरू होतो या प्रश्नाची दोन टोकं एकाच सभागृहात समोर आली. २०२४ मध्ये कळलं की ग्लीझ २२९ बी हा एकटा नाही, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारी ती जोडी आहे. जे आपण ओळखतो असं वाटतं, तेही पुन्हा तपासावं लागतं.

आता ५१ पेगासीकडे परत येऊ. आई आणि चार वर्षांची लेक फुगडी घालतात तेव्हा लेक मोठ्या वर्तुळात भिरभिरते, आई जागच्या जागी छोट्या वर्तुळात फिरते. पण फिरते मात्र नक्की. लेकीवर पांघरूण घातलं आणि नुसती आई दिसत असली, तरी तिच्या पावलांवरून कळेल की समोर कुणीतरी आहे, किती वजनाचं आहे आणि एक फेरी किती वेळात होते. ताराही असाच ग्रहाशी फुगडी घालतो. तो आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जातो तेव्हा तांबड्याकडे. अकोल्याकडून येणारी गाडी वाशीम स्टेशन ओलांडून पूर्णेकडे निघाली की तिच्या शिट्टीचा सूर खाली पडतो, तसंच हे प्रकाशाचं. ही डॉपलर पद्धत किंवा अरीय वेगाची पद्धत. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगानं डुलतो, पृथ्वीमुळे फक्त नऊ सेंटीमीटर. रांगत्या बाळाची गतीसुद्धा याहून जास्त असते, आणि ती आपल्याला अनेक प्रकाशवर्षांवरून उकळत्या वायूच्या गोळ्यात मोजायची आहे.

मेयर आणि क्वेलोझ यांनी फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत ५१ पेगासी पाहिला तेव्हा तो सेकंदाला पन्नासहून जास्त मीटर डुलत होता आणि एक फेरी होती ४.२३ दिवसांची. गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह आणि त्याचं वर्ष सव्वाचार दिवसांचं! आपल्याकडे बुधालाही ८८ दिवस लागतात. इतक्या जवळ एवढा मोठा ग्रह असूच शकत नाही असं सगळे धरून चालले होते, म्हणून तसा कुणी मन लावून शोधत नव्हतं. १९५२ मध्येच ओटो स्ट्रूव्ह यांनी असे ग्रह असतील तर सध्याच्या उपकरणांनीही सापडतील असं लिहून ठेवलं होतं. चाळीस वर्षं त्या सूचनेकडे कुणी फारसं वळलं नाही. मला या सगळ्या गोष्टीतली हीच बाब सगळ्यात जास्त टोचते: कमतरता उपकरणाची फारशी नव्हतीच, अपेक्षेची होती. मेयर-क्वेलोझ यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

वाशीमवरून जाणाऱ्या तीन ताऱ्यांतला पहिला, एचडी २०९४५८, हा ५१ पेगासीच्या सुमारे ५४ मिनिटं आधी माथा ओलांडतो. डोळ्यांना दिसत नाही, साध्या द्विनेत्रीतून दिसतो. १९९९ मध्ये डेव्हिड शारबोनो या विद्यार्थ्यानं अवघ्या चार इंची दुर्बिणीनं त्याचा प्रकाश मोजला. डॉपलर पद्धतीनं तिथे ग्रह असल्याचा सुगावा लागला होता. प्रश्न एवढाच होता की तो ग्रह ताऱ्याच्या समोरून जातो का. गेला. प्रकाश सुमारे दीड टक्क्यानं उतरला, तासाभराहून जास्त तसाच राहिला आणि पुन्हा चढला. ८ जून २००४ आणि ६ जून २०१२ रोजी काळ्या चष्म्यातून ज्यांनी सूर्यबिंबावरचा शुक्राचा ठिपका पाहिला, त्यांनी हेच पाहिलं होतं. मराठीत त्याला अधिक्रमण म्हणतात, आणि तो शब्द इथेही जसाच्या तसा चालतो.

अधिक्रमणानं ग्रहाचा आकार कळतो, डॉपलरनं वजन. दोन्ही एकत्र आले की घनता हाती येते आणि मग ग्रह दगडाचा की वायूचा हे सांगता येतं. एचडी २०९४५८ चा ग्रह गुरूहून हलका पण त्याच्याहून फुगलेला आणि पाण्याच्या निम्म्याहूनही कमी घनतेचा निघाला. या पद्धतीची अट कडक आहे: ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत हवी. सूर्य-पृथ्वीसारख्या जोडीसाठी ती शक्यता दोनशेत एक. शिवाय पृथ्वीएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्याचा प्रकाश एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी अडवतो. म्हणून एकाच वेळी लाखभर ताऱ्यांवर, वातावरणाच्या बाहेरून, न थकता डोळा ठेवावा लागतो. मार्च २००९ मध्ये उडालेल्या केप्लर दुर्बिणीनं हंस आणि स्वरमंडल यांच्यातल्या एकाच तुकड्यावर नजर रोखून सुमारे दीड लाख तारे पाहिले. तिच्या खात्यावर २,६०० हून जास्त ग्रह आहेत. २०१८ पासून टेस ही दुर्बीण जवळजवळ अख्खं आकाश पिंजून काढते आहे. आजवरच्या चार ग्रहांपैकी जवळपास तीन अधिक्रमणानं सापडले.

पण प्रकाश उतरला म्हणजे ग्रह आला, असं नाही. ताऱ्यावर डाग असू शकतात. मागे एखादा जोडतारा एकमेकांना झाकत असू शकतो आणि त्याचा प्रकाश समोरच्या ताऱ्यात मिसळलेला असू शकतो. म्हणून उमेदवाराची शक्य तिथे डॉपलरनं फेरतपासणी करतात, आणि भारताचं ठोस काम इथे आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या माउंट अबूवरच्या वेधशाळेत अभिजित चक्रवर्ती यांच्या गटानं ‘पारस’ हा वर्णपटमापक उभा केला. तापमान आणि दाब अगदी स्थिर ठेवलेल्या पेटीत बसवलेलं हे यंत्र ताऱ्याचा वेग सेकंदाला एखाद-दोन मीटरपर्यंत ओळखतं. २०१८ मध्ये त्यांनी पृथ्वीच्या सुमारे २७ पट वजनाचा, साडेएकोणीस दिवसांचं वर्ष असलेला ग्रह पक्का केला. आता अडीच मीटर व्यासाच्या नव्या दुर्बिणीवर ‘पारस-२’ काम करतो आहे आणि त्यानं टीओआय-६६५१ बी हा शनीच्या जातीचा, पण भलताच घट्ट ग्रह २०२४ मध्ये दाखवला. आपल्याकडे पावसाळ्याचे महिने हातचे जातात. तरीही उरलेल्या रात्रींतून हे काम होतं, याचं मोल मोठं आहे.

गुरुत्वीय भिंगाच्या पद्धतीबद्दल थोडक्यात सांगतो. दूरच्या ताऱ्यासमोरून दुसरा तारा गेला की त्याच्या गुरुत्वानं मागचा प्रकाश वाकतो आणि काही दिवस उजळतो. समोरच्या ताऱ्याला ग्रह असला तर त्या उजळण्यावर आणखी एक छोटा उंचवटा दिसतो. असे ग्रह २००३ पासून सापडताहेत. पण तो देखावा एकदाच घडतो, पुन्हा पाहायची सोय नाही.

आपल्या जुन्नर-नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनं वेगळी वाट चोखाळली. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तिच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटरची. गुरू रेडिओ लहरी फेकतो. तसे बाह्यग्रहही फेकत असतील, तर त्या ऐकू येतील का? २००९ मध्ये १५० मेगाहर्ट्झवर एचएटी-पी-११ बी या ग्रहाच्या दिशेनं क्षीण खूण मिळाली. ग्रह ताऱ्यामागे गेला तेव्हा ती गेल्यासारखी वाटली. पुढच्या वर्षी पुन्हा ऐकलं तेव्हा काही आलं नाही. संशोधकांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याला फक्त ‘संकेत’ म्हटलं. जेकबपासून लाइनपर्यंतचा इतिहास वाचल्यावर हा एक शब्द मला फार मोलाचा वाटतो.

तिसरा तारा एचआर ८७९९ हा ५१ पेगासीनंतर दहाएक मिनिटांत, चौकोनाच्या किंचित आतल्या बाजूनं माथा गाठतो. उन्हात पतंग शोधताना आपण सूर्यावर हात आडवा धरतो. दुर्बिणीतही ताऱ्याचं बिंब असंच झाकायचं, वातावरणाची थरथर आरशाला क्षणाक्षणाला वाकवून सावरायची आणि अवरक्त प्रकाशात पाहायचं. २००८ मध्ये केक आणि जेमिनी दुर्बिणींनी या ताऱ्याभोवती तीन ठिपके टिपले, २०१० मध्ये चौथा. वर्षानुवर्षांची छायाचित्रं एकामागून एक लावली की ते चार ग्रह ताऱ्याभोवती सरकताना दिसतात. मला विचाराल तर या सबंध विषयातलं सगळ्यात सुंदर दृश्य हेच. अडचण अशी की हे तरुण, अजून तापलेले आणि गुरूच्या कैकपट वजनाचे ग्रह आहेत. पृथ्वीसारख्या थंड दगडाचं असं छायाचित्र अजून कुणाला काढता आलेलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये पक्क्या बाह्यग्रहांची संख्या ६,००० वर गेली. हा आकडा वाचताना एक भान ठेवायला हवं. चाळणीत जे उरतं ते चाळणीच्या भोकांवर ठरतं. डॉपलर आणि अधिक्रमण या दोन्हींना ताऱ्याला खेटलेले ग्रह सहज सापडतात, छायाचित्रणाला दूरचे राक्षसी. आपली स्वतःची सूर्यमाला आजच्या साधनांनी दुसरीकडून पाहिली असती, तर बारा वर्षं चिकाटीनं वेध घेणाऱ्याला गुरू सापडला असता आणि पृथ्वी बहुधा निसटली असती. आपल्यासारख्या ग्रहमाला दुर्मीळ आहेत का, याचं उत्तर त्यामुळेच अजून बाकी आहे. २०२५ पर्यंत ताऱ्यांच्या जागा अतिसूक्ष्म मोजणाऱ्या गाया दुर्बिणीच्या पुढच्या नोंदी २०२६ च्या अखेरीला यायच्या आहेत. व्हॅन डी कॅम्प यांची जागेच्या डुलण्याची पद्धत तिच्यामुळे इतक्या वर्षांनी खऱ्या अर्थानं फळाला येण्याची चिन्हं आहेत.

ग्रह सापडला की पुढचा प्रश्न हवेचा. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो आणि तिथल्या वायूंच्या खुणा घेऊन येतो. २००२ मध्ये एचडी २०९४५८ च्या ग्रहावर सोडियम याच रीतीनं सापडलं. आता जेम्स वेब दुर्बीण कार्बन डायऑक्साइड, मिथेन स्पष्ट वाचते. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८ बी या ग्रहावर केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटानं एप्रिल २०२५ मध्ये डायमिथाइल सल्फाइडची खूण सांगितली. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सजीवांकडून येतो. इतर गटांनी तेच आकडे पुन्हा तपासून ती खूण पुरेशी भक्कम नसल्याचं म्हटलं आहे. वर्तमानपत्रांनी ‘जीवसृष्टी सापडली’ असे मथळे दिले तेव्हा मला बर्नार्डचा तारा आठवला.

भारताच्या वाट्याला एका ग्रहाचं नाव ठेवण्याचा मानही आला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघानं प्रत्येक सहभागी देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह दिला. आपल्याला मिळाला एचडी ८६०८१. ताऱ्याचं नाव बिभा ठेवलं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचं नाव संतमस, दाट अंधार या अर्थाचा संस्कृत शब्द, पुण्याच्या एका शाळकरी मुलानं सुचवलेला. संतमसचं वर्ष दोन दिवसांहून थोडं मोठं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सिंह राशीच्या दक्षिणेला छोट्या दुर्बिणीतून बिभा दिसतो.

आणि वाशीमच्या माथ्यावर काय करता येईल? एचडी २०९४५८ चा दीड टक्क्याचा उतार आठ इंची दुर्बीण आणि साधा डिजिटल कॅमेरा यांना मोजता येतो. जगभरचे हौशी निरीक्षक असे अधिक्रमणाचे वेध पाठवतात आणि वेब दुर्बिणीच्या वेळा आखताना ते कामी येतात. त्या ग्रहाची एक फेरी ३.५२ दिवसांची, अधिक्रमण सुमारे तीन तासांचं. दोन फेऱ्या सात दिवस आणि सव्वा तासाच्या होतात. म्हणजे ऑक्टोबरात एखाद्या सोमवारी ते रात्री आठला सुरू झालं, तर पुढच्या सोमवारी सव्वानऊच्या आसपास सुरू होईल. मधल्या सहा दिवसांत शाळेच्या गच्चीवर दुर्बीण बसवून, शेजारच्या दोन ताऱ्यांशी त्याचा प्रकाश ताडून पाहण्याचा सराव करता येतो.